सगळीकडे सारखं

लेवी टिझर्ड, वय एकाहत्तर, राहणार ट्विलिंगेट.
पहिल्या खेपेला पाच तास गाडी हाकत सेंट जॉन्सला आले.
मी विचारलं, सकाळपासून काय घेतलंत?
"काही नाही. नुसता चहा."
नुसता चहा म्हणजे रात्रभर किटलीत बसलेला,
होडीला लावायच्या डांबरासारखा.
"कागदावर कॉफी नको लिहिलंय, पोरी.
कॉफी मी पीतच नाही."

कागद मीच छापलेला.

गुडघा गेलेला, पट्ट्यावर चालणं शक्य नाही,
म्हणून हृदयाला औषधानेच पळवायचं.
पण चहा आधी पोहोचून आतून कडी लावून बसतो.
औषध दार ठोठावतं, वाहिन्या रुंदावत नाहीत,
आणि चित्र खोटंच चांगलं येतं.
परत पाठवलं. पुन्हा पाच तास.
जाताना टोपी उचलून म्हणाले, रस्ता तरी ओळखीचा झाला.

दुसऱ्या खेपेला वादळ.
टेक्नेशियमचं विमान हॅलिफॅक्सला अडकलेलं.
दर सहा तासांनी अर्धा होणारा माल,
बर्फाला त्याचं काय.
दुपारी शिशाच्या डब्यात जे उरलं
त्यातून त्यांचा वाटा काढला
आणि कॅमेऱ्याला सांगितलं, आज जरा जास्त वेळ बघ.

हात डोक्यावर. श्वास नेहमीसारखा. हलू नका.
इथे माणूस बोटभर हलला तरी
नसलेलं भोक पडतं भिंतीला.
बायकांच्या छातीची सावली पुढच्या भागावर पडते,
पुरुषांच्या श्वासपटलाची खालच्या.
सुई शिरेबाहेर निसटली तर दंडच उजळतो
आणि हृदय बिचारं अर्धपोटी दिसतं.
टिझर्ड हलले नाहीत.
धुक्यात इंजिन बंद करून
दुसऱ्या होडीची चाहूल घेणारा माणूस
पडून राहावा, तसे.
त्यांचं आतडं मात्र हृदयाला खेटून झगमगत होतं.
पाणी पाजलं, व्हरांड्यात फेऱ्या मारायला लावल्या,
पुन्हा पहिल्यापासून.

मग चित्र आलं.
नारिंगी कडं, कुठेही न तुटलेलं.
संगणकाने लिहिलं: नॉर्मल.

छातीवरच्या चिकटपट्ट्या काढताना त्यांनी विचारलं,
"बरं आलं?"
स्पष्ट आलं, मी म्हटलं. एवढंच म्हणायची मला परवानगी आहे.
ते शर्टाची बटणं लावत राहिले.
"कॉडची मासेमारी बंद केली ना सरकारने,
त्याच्या आदल्या हंगामापर्यंत माझी जाळी भरत होती.
मासा घटला की उरलेला एका जागी गोळा होतो,
आणि आम्हाला ती जागा ठाऊक.
आकडे झकास होते, पोरी."

ते गेल्यावर मी दोन्ही चित्रं शेजारी लावली.
हा कॅमेरा रक्त मोजत नाही, तुलना करतो.
सगळ्यात उजळ कोपऱ्याला शंभर म्हणतो
आणि बाकीच्यांना त्याच्या मापाने जोखतो.
तिन्ही वाहिन्या एकसारख्या आवळल्या असतील
तर शंभराच्या शेजारी शंभरच.
दुष्काळ सगळीकडे सारखा पडला
की तो नकाशावर दिसत नाही.

विश्रांतीतलं हृदय, औषधानंतरचं हृदय.
दुसऱ्याची पोकळी किंचित मोठी.
अंगठी एका बोटातून काढून शेजारच्यात घालावी, इतकाच फरक.
की आजचा माल पातळ होता म्हणून?
की मला दिसायला हवं होतं म्हणून?
ही शंकाही चित्र बिघडवणाऱ्यांतलीच एक,
ती कुठल्या कागदावर छापत नाहीत.

चिठ्ठी लिहून गॉस बाईंच्या टेबलावर ठेवली.
त्यांनी दिवा मालवला, चष्मा काढला,
पडद्याला नाक लावून बघितलं.
'नॉर्मल' खोडलं नाही.
त्याच्यापुढे स्वल्पविराम दिला
आणि तीन ओळी लिहिल्या.

अँजिओग्राफी बुधवारी. काय निघेल, मला माहीत नाही.
काल टिझर्डांचा फोन होता: या खेपेला काय काय नको?
मध्यरात्रीनंतर काहीच नाही, मी म्हटलं.
चहासुद्धा.
चहा मी मोठ्याने म्हटलं.