पावती

तिची पहिली पाळी, माझी दुसरी.
कुपवाडला मिलच्या गेटवर आम्ही भेटतो
सायकलची एक घंटी वाजेपर्यंत.
सव्वादोन ते पावणेचार
शर्वी शमशादभाभीकडे,
शिलाई मशीनच्या पायाशी, चिंध्यांत.

मिरजेच्या ऑफिसात अर्ज दिला.
मूल सांभाळायचा खर्च, अर्धा सरकार देणार.
रकाना सातवा : पाळणाघराचा नोंदणी क्रमांक.
खिडकीतल्या बाई म्हणाल्या, निदान पावती तरी आणा.

भाभीला विचारलं, महिन्याचे किती लिहू?
तिनं दातांतली टाचणी काढली.
"लिही सहाशे," म्हणाली,
आणि बराच वेळ मशीन चालूच केलं नाही.

दोन वर्षांत तिनं घेतलेलं म्हणजे
एकदा पावशेर हळद,
तीही वाटी परत करायला आली तेव्हा
वाटीत शेवया होत्या.
शर्वीचा पहिला दात आधी तिला दिसला.
त्याचे किती लावायचे?

अर्ज परत आला. लाल शाईत : क्रमांक नाही.
मी घडी घालून खिशात ठेवत होतो,
भाभीनं कागद मागून घेतला,
पाठकोऱ्या बाजूला पेन्सिलीनं
शर्वीच्या फ्रॉकचं माप लिहिलं,
दोन इंच
वाढवून.