दिवसाची झोप

सप्टेंबरात हौगेन सरांनी माझी चित्रं
लांब टेबलावर पत्त्यांसारखी मांडली:
चकचकीत अश्रू ओघळणारा डोळा,
मासिकातून उतरवलेला लांडगा,
काचेचा ग्लास, ज्यात खरंच पाणी आहे असं सगळे म्हणायचे.
सरांनी ग्लास उचलून बाजूला ठेवला,
जपून, जणू सांडेल.
म्हणाले, "हात चांगला आहे तुझा, टूली.
पण यातलं तुला आधी काय माहीत नव्हतं?"

मे महिन्यापर्यंत पंधरा चित्रं हवी होती,
पंधराही एकाच प्रश्नाच्या मागे लागलेली.
प्रश्न!
डुलूथमध्ये प्रश्न एकच, सरोवर कधी गोठणार,
आणि तो विचारून विचारून गुळगुळीत झालाय.
शेजारच्या बाकावरचा ऑगी आठवड्याला दोन चित्रं हातावेगळी करायचा.
त्याचा विषय होता 'मी कोण?'
वर्गात निम्म्यांचा तोच होता.

आई हॉस्पिटलच्या लाँड्रीत रात्रपाळी करते.
मी शाळेतून येते तेव्हा ती पडदे ओढून झोपलेली,
मी झोपायला जाते तेव्हा डबा भरून निघालेली.
मधल्या दीड तासात पास्ता, बिलं,
आणि गाडीच्या बॅटरीचं काय करायचं.
तिचा चेहरा मला नीट दिसतो तो आडवा,
अर्धा उशीवर, अर्धा उशीत.
म्हणून कोळसा घेऊन तिच्या दाराशी बसले.
दुसरं काही कारण नव्हतं.

पहिल्या चित्रात ती मेल्यासारखी दिसली. फाडलं.
दुसऱ्यात नुसतं पांघरूण.
चौथं कॉफीने रंगवलं, कारण शाई संपली होती
आणि पगार शुक्रवारी होता.
सहाव्यात हात जमेना.
ब्लीचने भेगाळलेली तिची बोटं
माझ्या कागदावर पावासारखी फुगायची.
खोडलं, काढलं, खोडलं,
कागदाला भोक पडायची वेळ आली.
सर म्हणाले, "राहू दे. झटापट दिसू दे."

जानेवारीत खिडकीला आतून बर्फ धरला.
रात्रभर ती परक्यांच्या चादरी धुते,
आमच्या तशाच पडून राहतात.
त्यातलीच एक ताणून फळीला ठोकली,
तिच्यावर नववं.
"निळी चादर कुठंय?"
"शाळेत."
तिने पुढे विचारलं नाही.

बारावं, मार्चमधलं.
खांद्याची रेघ ओढत होते,
तेवढ्यात केसांची बट घसरून तिच्या नाकावर आली.
मी थांबले.
झोपेतलं माणूस बट झटकतं, कूस बदलतं,
निदान नाक तरी मुरडतं.
तिने काहीच केलं नाही.
पापणी थरथरली,
हात जिथे होता तिथेच.

"कधीपासून?"
डोळे मिटलेलेच. "कॉफीचं केलंस ना, तेव्हापासून.
वासाने जाग आली."
आणि मग,
"झालं का गं? खांदा आखडलाय."

चार ते बारा. प्रत्येकाला दोन तास धरले तर,
असा हिशेब मी केला नाही.
म्हणजे केला,
बसमध्ये, हातमोजे काढून, बोटांवर.

शेवटी एक रकाना येतो:
तुमचा प्रश्न काय होता, सहाशे अक्षरांत लिहा.
मोकळ्या जागासुद्धा मोजतात.
मी लिहिलं, झोपलेली बाई कशी दिसते.
पुसलं.
लिहिलं, दमलेली बाई कुणासाठी तरी
झोपेचं सोंग घेते तेव्हा कशी दिसते,
आणि ते बघणाऱ्याला कळायला किती चित्रं लागतात.
उरलेली अक्षरं वापरली नाहीत.

फोटो शाळेच्या उत्तरेकडच्या जिन्यात काढले,
तिथला उजेड बरा.
आई कामावरून थेट आली,
गणवेशातच, पांढरा पुठ्ठा धरून उभी राहिली,
चित्रांवर उजेड पडावा म्हणून.
दोनदा जांभई दिली. पुठ्ठा हलला नाही.

चौदाव्याच्या फोटोत डाव्या कोपऱ्यात
तिचा अंगठा आलाय,
नखाशी चिरलेला, अगदी जसाच्या तसा.
कापून टाकता आला असता.