सत्तावीस, सत्तावीस

विजयनगरच्या सातव्या मजल्यावर बसून
मी आधी एक गोल चाक लिहिलं.
ते फिरायचं.
फिरण्यापलीकडे त्याला काही ठाऊक नव्हतं.
मागे काम चालू आहे, अडलंय, की केव्हाच संपलंय,
चाक आपलं घाण्याच्या बैलासारखं.
बैलाला निदान तेलाचा वास तरी येत असेल.

तक्रारी आल्या, म्हणून पट्टी लिहिली.
निळी, डावीकडून उजवीकडे.
नव्वद टक्क्यांपर्यंत झरझर जायची,
कारण तिला मी घड्याळाशी बांधलं होतं, कामाशी नाही.
आणि नव्वदवर उभी राहायची,
दारात चपला घालून
"निघतेच आता" म्हणणाऱ्या पाहुणीसारखी.

मार्चअखेर सियागंजातून फोन आला.
सुलभा टोकेकर, हिशेबनीस,
जिरं-धने-हिंगाची पेढी, बत्तीस वर्षं.
"अहो, वर्षाची बिलं चढवली. अकरा हजार दोनशे चाळीस.
पंचवीस मिनिटं नव्वदवर. वाटलं, मेलं.
म्हणून परत दाबलं. मग परत एकदा."
तेहतीस हजार सातशे वीस बिलं.
शेठजींनी एका रात्रीत
तिप्पट धंदा केला होता.

मी गेले. जाणं भागच होतं.
बाईंनी स्टूल दिलं, पंखा माझ्याकडे वळवला,
रागावल्या मात्र नाहीत, त्यानेच जास्त लागलं.
"मला घाई नाही हो," म्हणाल्या,
"वेळ लागतो हे मला कळतं.
फक्त आत कोणी आहे का, ते कळत नाही."

बाहेर ट्रक रिकामा होत होता.
गेंदालाल काट्यापाशी उभा, हातात खडू.
पहिल्या पोत्याला तो एक म्हणाला नाही, राम म्हणाला.
"आमच्यात लाभ म्हणतात," बाई आतून म्हणाल्या.
मग दोन. मग तीन.
आणि एक पोतं उतरून दुसरं येईपर्यंत
तो गप्प बसत नव्हता,
तोच आकडा घोळवत होता तोंडात:
सत्ताईस, सत्ताईस, सत्ताईस भिया, सत्ताईस...
एकदा सुतळी सुटली, धने सांडले,
दोघं जण गोळा करायला वाकले.
पाच मिनिटं गेली असतील.
सत्ताईस, सत्ताईस.
गल्ल्यावरच्या शेठजींनी मान वर केली नाही.
कशाला करतील?
आवाज येत होता.

मी किती पुस्तकं वाचली होती या विषयावर.

त्या रात्री पट्टी काढून टाकली.
बटण एकदा दाबलं की मिटून घेईल असं केलं,
दुसऱ्यांदा दाबणाऱ्याला सांगेल: काम आधीच सुरू आहे.
टक्के पुसले. त्या जागी लिहिलं,
११,२४० पैकी ३,०१२ बिलं वाचली. आता ऑगस्ट.
आणि आकडा अडला, तर खाली दर पाच सेकंदांनी
एक ओळ: इथेच आहे. अजून ३,०१२.
पण ती ओळ मागचं काम स्वतः पाठवील तेव्हाच,
घड्याळाच्या भरवशावर नाही.
काम मेलं तर तिनेही गप्प व्हावं.
किती वेळ उरला, ते लिहिलं नाही.
मला माहीत नव्हतं.
हे न लिहिणं सगळ्यात अवघड गेलं,
साहेबांना तिथे काहीतरी हवंच होतं.
"खिडकी बंद केली तरी चालेल," एवढं घातलं शेवटी.

पुढच्या वर्षी, मार्चमध्येच, फोन.
नाव पाहून पोटात खड्डा पडला.

"चार हजार चारशे सतराला थांबलं होतं हो.
इथेच आहे, इथेच आहे म्हणत होतं.
मी म्हटलं, राहा बाबा, मी चहा घेऊन येते.
आले तर लिहिलेलं,
या बिलाची तारीख वाचता आली नाही,
बाजूला ठेवून पुढे जात आहे."

मी श्वास धरून.

"माझंच चुकलं होतं. एकतीस नोव्हेंबर लिहिलं होतं मी."

आणि हसल्या.
मागे कुठेतरी, फोनमधून, अगदी बारीक,
कोणीतरी मोजत होतं.
आकडा काही नीट ऐकू आला नाही.