तीन बोटांची फट

डॉक्टर बेंडाळेंनी उताणं झोपवलं, मान उचलायला सांगितली
आणि बेंबीवर आडवी बोटं रोवली :
एक, दोन, तीन, वर करंगळीही थोडी.
"जुळ्यांनी वाट केली, ती बुजलीच नाही."

मला पीठ कळतं.
अमळनेरला लग्नाच्या पंगतींना मी मांडे करते,
सपिटाचा गोळा हातांवर फिरवत कोपरापर्यंत नेते.
ताणलेला मांडा पुन्हा गोळा होत नाही,
हे मी त्यांना सांगितलं.
ते हसले. कागदावर दोन उभ्या रेघा,
मधे टाके.
"स्नायू जवळ आणू. जास्तीची कातडी काढू.
व्रण राहील, या कमरेपासून त्या कमरेपर्यंत.
बरगड्यांखालचे वळ तसेच.
लग्नातलं पोट मागू नका."

मी तेच मागणार होते.

आठ दिवस विळ्यासारखी वाकून चालले.
नळीतलं लाल पाणी नणंद मोजायची
आणि वहीत लिहायची, दुधाच्या हिशेबाशेजारी.
शिंक आली की उशी पोटाशी.
जाऊ दारातूनच म्हणाली, "पोट कथा गयं व माय?"
हसले, आणि टाके ओढले तशी रडले.

चार महिन्यांनी चुलीवर खापर चढलं. पुतण्यानं उचललं.
दुपारपर्यंत पाठ आता मोडत नाही.
बसले की एक वळी पडतेच.
बेंबी नवी, जराशी डावीकडे,
आणि तिच्याखाली तळहाताएवढी जागा
जिला धग अजून कळत नाही.
मधूनमधून मी हात लावून बघते,
पातळ तापलंय का.