दम धरा

पिंजार गल्लीत, पिठाच्या गिरणीवरच्या माळ्यावर
आमच्या आप्पांचा व्हिडिओ होता.
तिकीट दीड रुपया. फाडायला मी,
नववी नापास, परकराला शिवलेल्या खिशात चिल्लर.

मिरजेहून त्या आठवड्यात जी कॅसेट आली
तिच्या डबीवर बाई होती, आत मढी निघाली.
चिनी मढी. हात पुढं ताठ, पाय जोडलेले,
टुणटुण उड्या मारत ओळीनं चाललेली,
कपाळावर पिवळा कागद, पुढं घंटा वाजवणारा बुवा.
भाषा हाँगकाँगची. खालची अक्षरं, तीही चिनी.
पब्लिक म्हणालं, पैसे परत.

आप्पांनी दौलू मगदुमांना गाठलं.
दौलूमामा खासबागेत कुस्त्यांचं निवेदन करायचे,
पण हंगाम सरला होता
आणि पानवाला उधारी द्यायचा बंद झालेला.
दोन खेळांना पाच रुपये, वर एक चहा.
टीव्हीशेजारी स्टूल ओढून बसले,
काचेकडं एकदा बघितलं, घसा खाकरला:

"तर मंडळीऽ, लाल लंगोट, चुकलं, निळा झगा!
वस्ताद! वय साठ, वजन पंचेचाळीस, तालीम डोंगरावरची.
आणि समोरनं उडी घेत येतंय
ते शंभर वर्सांचं, तीनशे एकर बागायतीचं मढं!
सावकार हाय. मेला तरी वसुली सुटंना.
कपाळावरचा कागद म्हंजे कोर्टाचा स्टे.
निघाला, की आलंच अंगावर!"

चेल्याला मढं चावलं, जखमेवर चिकट भात बांधला.
कुठला भात? मागनं कुणीतरी विचारलं.
मामांची पापणीही हलली नाही.
"आजरा घनसाळ. इंद्रायणीनं ईख उतरत न्हाई."

आणि सगळ्यात महत्त्वाचं:
"मढ्याला दिसत न्हाई. ते श्वासावर येतंय. दम धरा!"
की पडद्यावर वस्ताद दम धरायचा, चेला धरायचा,
आणि बाकांवर हमाल, गिरणीचा पोऱ्या, मोतीबागेचे दोन पैलवान
गाल फुगवून बसायचे.
पैलवानांचा दम आधी सुटायचा.

गुरुवारी ऐन मारामारीत लाईट गेली.
मढ्याची नखं चेल्याच्या गळ्यापासून बोटभर लांब.
खाली गिरणीचा पट्टा थांबला.
इतकं गप्प मी ते घर कधी ऐकलं नव्हतं.
आप्पा गल्ला उचलून जिन्याकडं सरकले.
मामा बोलतच राहिले.

अर्धा तास, काळोखात.
शिडी पडली, कोंबडा सुटला,
बुवाची चप्पल मढ्याच्या थोबाडात बसली,
चप्पल कापशीची, कर्रकर्र वाजणारी.
मग आवाज खाली आला.
"मढं थांबलंय.
चेला वरडला न्हवं, त्यो आवाज त्याला वळखू आलाय.
नातू हाय त्याचा. पोराला ठावं न्हाई.
आता ते उडी मारंना.
कुणी हालू नका. दम धरा."

चाळीस माणसं, आणि श्वास एकाचाही नाही.
माझ्या मुठीत फाडलेली तिकिटं,
तीही वाजू दिली नाहीत.
जिन्यात आप्पा, गल्ला छातीशी.

लाईट आली, टेप पुढं सरकली.
नातूबितू कुणी नव्हता.
बुवानं मढ्याखाली फटाके लावले, ते उडालं,
सगळे चिनी हसले, संपलं.
"आप्पा, मशीन बिघडलंय तुमचं," लोक म्हणाले.
पुढचे चार दिवस ती जागा आली की
पब्लिक ओरडायचं: लाईट घालवा!
आणि आप्पा बटण दाबायचे.

परवा भाचीच्या फोनवर तोच पिक्चर सापडला,
खाली इंग्रजी अक्षरं, ती वाचून सांगत होती.
त्या जागी बुवा चेल्याला म्हणतो,
मीठ संपलंय, येताना आण.
भाची हसायला लागली.
मी फोन पालथा घातला.
थांब, म्हटलं,
आता त्याला आवाज वळखू येणार आहे.