अंगी लागणं

माझं काम लंगोट तोलण्याचं.
आधी कोरडा, मग भरलेला,
मग त्यातलं खरवडून बाटलीत,
बाटलीवर तारीख, वेळ, पाळणा नंबर चार.
ओउलूच्या इस्पितळात तळघराला माझी खोली.
इथरच्या वासाला मी आता वास म्हणत नाही.

हिशेब सोपा आहे:
पोटात गेलेली चरबी वजा बाहेर आलेली चरबी.
उरली ती बाळाची.

चार नंबरचा आला सत्ताविसाव्या आठवड्यात,
नऊशे दहा ग्रॅम,
माझ्या एका हिवाळी बुटाएवढा.
त्याच्या स्वादुपिंडाला अजून कुणी कामावर बोलावलं नव्हतं,
पित्त म्हणाल तर नावाला,
आणि त्या बारीक नळीतून घास जाताना
साय नळीच्याच भिंतीला चिकटून बसायची.
तीसुद्धा मला वजा करावी लागे.

आईला, बिरेतला, आठ दिवस पान्हा फुटला नाही.
त्याला दिलं कुणा परकीचं, दान आलेलं,
अर्धा तास साडेबासष्ट अंशांवर धरलेलं.
जंतू मेले.
आणि डबा घेऊन येणाऱ्यानेच चमचाही आणावा
तसं दुधासोबत जे लायपेज येतं,
चरबी फोडून देणारं,
तेही मेलं. तापवणाऱ्याला दोघांत फरक करता येत नाही.
माझ्या वहीत: गेली शंभर, थांबली अठ्ठेचाळीस.

नवव्या रात्री ती खाली आली,
लोकरीचे मोजे, हातात अकरा मिलिलिटर,
जणू कुणी तिला चोर म्हणेल अशी झाकून.
लिफ्ट चुकली होती की मुद्दाम, मी विचारलं नाही.
तिचं फिनिश जपून चालणारं, घरी सामी बोलत असणार.
म्हणाली, हे न तापवता देणार आहेत.
मग: राहतंय का त्याच्यात?

मी आकडा सांगायला तोंड उघडलं
आणि तिचा फोन वाजला.
उत्स्योकीहून भाऊ, नील्लास.
वाऱ्यात ओरडत होता, मलाही ऐकू आलं.
नंतर तिने सांगितलं:
पांढऱ्या मादीला वासरू झालं, बर्फावरच,
चाटून होईस्तोवर उभं राहिलं,
आणि ते घट्ट दूध असं ढोसलं
की शेपूट थांबेना.
पोटात उतरलं की अंगी लागलंच समजा,
वासराला कुणी तोलत नाही.

तिला हसू येत होतं आणि राग येत होता,
दोन्ही एकाच वासरावर.

पंधराव्या दिवसाची बाटली आली तेव्हा
मी दोनदा जाळलं, दोनदा तोललं,
माझी चूक असेल म्हणून.
एकोणऐंशी.
वर फोन केला. परिचारिका म्हणाली, छान,
आणि दुसऱ्या कुणाशी तरी बोलू लागली.

अठ्ठावीस वर्षांत मी यातलं एकही बाळ पाहिलेलं नाही.
मला दिसतं ते फक्त
त्यांच्यात जे थांबलं नाही.

जूनमध्ये बिरेत पुन्हा आली, लिफ्ट न चुकता.
उन्हाळ्यात वासरांचे कान कापून खूण करतात,
भाऊ विचारतोय, पांढरीच्या वासरावर कुणाची खूण.
नाव अजून ठेवलं नाही, म्हणाली,
पण वासरू त्याचंच.
आणि अंगठा नि बोट यांच्यात
हवेतली इतकुशी चिमूट धरून दाखवली:
मांडीला वळी पडलीय.
एवढी.

मी काटा शून्यावर आणला.
सवय.