आठपर्यंत

माझ्याकडे साडेतेवीस घड्याळं आहेत.
अर्धं म्हणजे नुसती तबकडी,
यंत्र नाही, काटे नाहीत,
काड्यापेटीत कापसावर निजवलेली.

वेळ बघायला मोबाइल आहे.
आधीच सांगते, तुमचा प्रश्न वाचेल.

काउंटरवर रोकड जुळली नाही त्या रात्री तर हमखास
मी टेबलावरचा दिवा ओढून घेते,
एकेक उचलते, किंचित कलतं करते.
एक निळी, बांगड्याच्या पाठीची,
भाऊच्या धक्क्यावर पहाटे असते ती निळाई,
दुपारी टोपलीत उरते ती नव्हे.
एक काळी होती, ऊन खाऊन खाऊन चहाच्या रंगाची झाली.
दोषच तो. त्या दोषाला मी दीड पगार मोजला
आणि आईला म्हटलं, दाढेचं काम निघालं.

पण लाडकी ही. सायीच्या रंगाची.
एक ते आठ मराठी आकडे,
पाचाचं पोट जरा सुटलेलं,
आणि नऊपासून बारापर्यंत नुसत्या रेघा.
असा नमुना कुणाकडेच नाही.
मुलुंडच्या केळशीकरांनी दोनदा मागितली,
दुसऱ्यांदा डोळ्यांत पाणी आणून.

काचेला चरे पडले म्हणून बोरा बाजारात नेली,
जिन्याखालच्या परकारांकडे.
त्यांनी भिंग डोळ्याला लावलं
आणि बराच वेळ काढलंच नाही.

“हा पाच माझा आहे.”

आमच्यात एक शिवी आहे : रंगवलेली.
ती लागली की रुपयाची किंमत आण्यावर येते.
मी स्टुलावर बसले.

“ब्याऐंशी साल असेल. गोदीतला माणूस.
घड्याळ घरीच ठेवायचा, खिळ्याला.
बायको दुपारच्या वर्गाला जायची, प्रौढ साक्षरतेच्या,
आठपर्यंत आकडे झाले होते तिचे.
म्हणाला, इंग्रजी पुसा, आठपर्यंत घाला.
माझी पाळी आठाला सुटते, सध्या तेवढं पुरे.
पुढचे आले तिला की परत आणतो.”

“आणलं?”

परकार भिंग पुसत राहिले, सदऱ्याच्या टोकाला.

मग खणातून ब्रश काढला,
खारीच्या शेपटीचे तीन केस,
ओठांवर टोक केलं त्याचं, सवयीनं,
आणि माझ्याकडे न बघता विचारलं,
“नऊ घालू?”

बाहेर हातगाडीवाला बाजू बाजू ओरडत होता.
कुणी तरी कुणाला तरी कागदी पिशवीचा भाव सांगत होतं.
मी म्हटलं, काच तेवढी बदला.

केळशीकरांना अजून कळवलेलं नाही.

रात्री दिव्याखाली धरलं,
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला चावी दिली.
बसून राहिले.
काटा आठावर आला.
पुढे रेघा होत्या.
बोटानं ओळ धरून कुणी वाचावं
तसा तो त्यांच्यावरून गेला.